नाव न घेता सांगायचं इंग्रजी

सावली गावच्या बसस्टँडवर उतरून माझं नाव घेऊन घर विचारलंत, तर पानठेल्यावरचा माणूस तुमच्याकडे एकदा बघेल आणि शेजारच्याला विचारेल. 'जो-तो सर कुठं राहतात?' असं विचारलंत, तर तोच माणूस उठून गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला येईल. हे नाव मुलांनी ठेवलं. आधी पाठीमागे म्हणायचे, मग समोर म्हणायला लागले, आणि निरोपसमारंभात तर आमच्या प्राचार्यांनीच ते माईकवरून म्हटलं. मला त्याचा राग येत नाही. आयुष्यभर मी नेमकं काय शिकवलं, ते त्यात आलं आहे.

कनिष्ठ महाविद्यालयात मी इंग्रजी शिकवत होतो. इंग्रजी म्हटलं की लोकांना वाटतं स्पेलिंग आणि उच्चार. आमच्या भागातली मुलं बारावीला इंग्रजीत अडकतात ती त्यामुळे नाही. शब्द ती पाठ करतात, गाइड तर अख्खं पाठ करतात. त्यांची गाडी फसते ती लांब वाक्यात. एका वाक्यात हू, व्हिच, हूज असे दोन-तीन जण आले, की कोण कोणाचा हेच कळेनासं होतं.

आता ज्यांचा इंग्रजीशी संबंध सुटला आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मराठीत आपण म्हणतो, ज्या पोरानं काच फोडली, त्यानं उभं राहावं. जो आधी येतो, आपण थांबतो, मागून तो येतो, जोडी जुळते. इंग्रजीत पोरगा आधीच येऊन बसतो. त्यानं काय फोडलं ही माहिती त्याच्या मागून हू लावून येते, तीही वाक्याच्या मधोमध घुसून. त्यानं उभं राहावं, हे मुख्य बोलणं पार शेवटी. तिथं पोहोचेपर्यंत मूल पोरालाही विसरतं आणि काचेलाही.

मी फळ्यावर एक वाक्य नेहमी लिहायचो. द टायगर व्हिच द फॉरेस्ट गार्ड सॉ निअर द पाँड हॅज टू कब्स. वनरक्षकानं तळ्याजवळ जी वाघीण पाहिली तिला दोन पिल्लं आहेत, इतकंच. मग विचारायचो, पिल्लं कोणाला आहेत? अर्धा वर्ग म्हणायचा, तळ्याला. उरलेला अर्धा म्हणायचा, वनरक्षकाला. एका वर्षी वर्गात खरोखरच एका वनरक्षकाची मुलगी होती. ती शांतपणे उभी राहून म्हणाली, "हो सर, आमी दोघंच हाओत, मी अन् माहा भाऊ." उत्तर चूक होतं आणि माहिती बरोबर होती.

म्हणून मग मी वाक्य मुलांनाच करायला लावू लागलो. एक वाघीण व्हायचा, एक वनरक्षक, एक तळं. जे हू किंवा व्हिच होतील त्यांनी आपल्या माणसाचा शर्ट मागून धरायचा आणि वाक्य संपेपर्यंत सोडायचा नाही. वर्गात गोंधळ व्हायचा, पण कोण कोणाचा ते दिसायचं. एकदा एका व्हिचनं वाघिणीचा शर्ट खांद्यापासून फाडला आणि वाघिणीचे वडील दुसऱ्या दिवशी शर्ट घेऊनच आले. इंग्रजी शिकवा, पण पोराला उघडं पाडू नका, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यानंतर आम्ही शर्टाऐवजी दुपट्टा धरायला लागलो.

दुसरी भानगड विशेषणासारख्या तुकड्यांची. ते ज्याचे असतील त्याला चिकटून ठेवावे लागतात, नाहीतर भलत्यालाच जाऊन चिकटतात. एका मुलानं निबंधात लिहिलं होतं, आय सॉ अ टायगर सिटिंग ऑन माय सायकल. तो स्वतः सायकलवर होता, पण वाक्य वाचलं तर सायकलवर वाघ. मी वर्गात ते मोठ्यानं वाचून दाखवलं. सगळे हसले, तो काही हसला नाही. "सर, मी तवा एवढा भेलो होतो," तो म्हणाला, "कोन कुठी बसून होतं, काय ध्यानात राह्यते?" हेही मला पटलं. त्याच्या रस्त्यावर वाघ खरोखरच आडवा येत असे, आणि तो रोज त्याच रस्त्यानं कॉलेजला यायचा.

तर माझा धंदा हा असा. जो आणि तो यांची गाठ बांधून द्यायची. यात मी किती जणांना पास केलं हे सांगत बसत नाही. रंजनाचं मात्र सांगतो, कारण ती गाठ मी तिला शिकवली असं गावात म्हणतात आणि ते पुरतं खरं नाही.

रंजना वैनगंगेच्या अलीकडच्या एका गावात आशा कार्यकर्ती होती. बारावीत इंग्रजी राहिलं, मग लग्न झालं, मग मुलगी झाली, आणि इंग्रजी राहिलं ते राहिलंच. एका रविवारी ती नवऱ्याच्या मोटारसायकलवर बसून माझ्या घरी आली आणि म्हणाली, सर, मला बाहेरून परीक्षेला बसायचं आहे. मी विचारलं, आता कशाला? काम तर आहे हाताला.

"बाई अडली का मी तिले दवाखान्यात नेतो," ती म्हणाली. "दारापर्यंत मी असतो. मंग नर्सबाई तिले आतमंधी घेते अन् दार लागते. आतमधून बाई माह्याच नावानं हाका मारते, अन् मी बाहेर. मले आतमंधी जायचं हाय सर."

नर्सिंगच्या कोर्सला बारावी पास लागते. आड एकच विषय येत होता, आणि तो माझा होता.

सासूनं होकार दिला होता, पण एकदाच. या खेपेला निघाली तर निघाली, नाहीतर पुन्हा पुस्तक हातात धरायचं नाही. सासूचंही काही चूक नव्हतं. धानाची शेती, रोवण्याच्या दिवसांत माणूस मिळत नाही, घरची सून रविवार रविवार सावलीला जाऊन बसते, हे कोण किती दिवस चालवून घेईल? सासू थोरल्या मुलाकडे राहत होती. एकाच आवारात दोन घरं, दोन चुली, मध्ये तुळशीचा ओटा.

नवरा ट्रॅक्टर चालवायचा. स्वतःचा नव्हे, दुसऱ्याचा. त्याचं नाव मला माहीत आहे, पण इथं लिहीत नाही. का ते पुढं कळेलच. मी त्याला भाऊ म्हणतो. रंजनाला सोडून तो माझ्या अंगणातल्या जांभळीखाली बसून राहायचा. आत ये म्हटलं तर म्हणायचा, मी इथीच बरा हाय. एकदाच, चहाचा कप परत देताना, त्यानं खालच्या आवाजात विचारलं, "सर, होईन का तिचं?" मास्तर लोक ज्या उत्तरासाठी प्रसिद्ध आहेत तेच मी दिलं, अभ्यास केला तर होईल.

खरं सांगायचं तर मला आशा वाटत नव्हती. शब्द तिला बऱ्यापैकी येत होते. पण वाक्य दोन ओळींच्या वर गेलं की तिच्या हातून सगळं सुटायचं. दुपट्टा धरायला माझ्या घरात वर्ग नव्हता. मी कागदावर बाण काढायचो, ती मान हलवायची, आणि पुढच्या वाक्यात पुन्हा पिल्लं तळ्याला. माझा आवाज चढायचा. ती वही मिटून निघायची आणि पुढच्या रविवारी पुन्हा हजर व्हायची.

असंच एकदा तिला यायला खूप उशीर झाला. मी जरा घुश्शातच विचारलं, काय झालं?

"ज्यायचा बोकड मेला ना सर, त्यायच्या घरी जे पाव्हने आले, त्यायले ज्यायनं फाट्यावर नेऊन सोडलं, त्यायचीच गाडी बंद पडली. म्हून उशीर झाला."

मी ऐकत राहिलो. बोकड थोरल्या दिराचा, पाहुणे त्या दिराच्या घरी आलेले, त्यांना सोडायला गेला तो तिचा नवरा. एका दमात तीन जो आणि तीन तो. एकाचंही नाव नाही आणि कुठं गफलतही नाही.

आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. सासऱ्याचं नाही, भासऱ्याचं, म्हणजे थोरल्या दिराचंही नाही. लग्नात उखाण्यात एकदा घेतलं की संपलं. आताच्या मुली फोनवर नवऱ्याला सरळ नावानं हाक मारतात, पण रंजनाचं सासर जुन्या वळणाचं. तिथं बायका दिवसभर माणसांबद्दल बोलतात आणि नाव मात्र टाळतात. मग करायचं काय? ज्यायनं विहीर उपसली ते, ज्यायच्या पायाले लागलं ते, जे काल मूलच्या बाजाराला गेले ते. हे मी लहानपणापासून घरीदारी ऐकत होतो. माझी आईसुद्धा असंच बोलायची. पण त्याचा आणि फळ्यावरच्या वाक्याचा काही संबंध असेल, हे त्या दिवसापर्यंत माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

मी पुस्तक मिटलं. तिला म्हटलं, रंजना, असं समज की या इंग्रजी लिहिणाऱ्यालाही कोणाचं तरी नाव घ्यायचं नाही. तो नुसता म्हणतो, एक माणूस. मग तू विचारतेस, कोणता? तेव्हा तो सांगतो, हू. ती पदर तोंडाला लावून हसली. मग मी एक वाक्य वाचलं आणि तिनं बोट ठेवत ठेवत सांगितलं, ही बाई, जिचा मुलगा शहरात आहे तीच, आणि रडते आहे ती बाईच, मुलगा नाही. मी दुसरं वाचलं. तेही तिला लागलं. बाहेर जांभळीखाली भाऊनं मान वर करून पाहिलं, कारण त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या घरातून ओरडण्याऐवजी हसण्याचा आवाज येत होता.

चमत्कार झाला असं समजू नका. स्पेलिंग तिचं शेवटपर्यंत कच्चंच राहिलं. निबंध म्हणजे देवाचं नाव. पण उतारा वाचून उत्तरं द्यायला ती शिकली, आणि बोलायला लागली. अभ्यासाला वेळ कुठून काढतेस, असं मी विचारलं तेव्हा ती जरा लाजली. संध्याकाळचा स्वयंपाक भाऊ करत होता. ट्रॅक्टरवरून आला की दार लोटून घ्यायचा आणि चुलीपुढं बसायचा. भात रोज करपायचा. "पन तुमी कोनाले सांगू नोका सर," ती म्हणाली. "सासूबाईले मालूम पडलं तं त्यायचंही हसू होईन अन् माहं शिकनंही बंद होईन." मी कबूल केलं.

लेखी परीक्षेआधी तोंडी परीक्षा असते. तिचे गुण लेखीत मिळवतात. लेखीत रंजना काठावरच राहणार हे मला दिसत होतं. तोंडीत चांगले गुण मिळाले तरच ती पलीकडे जाणार होती. ती माझ्याकडे शिकत होती, म्हणून तिचे गुण मी देणं बरं दिसलं नसतं. दुसऱ्या गावच्या एका तरुण मॅडमना मी बोलावून घेतलं आणि स्वतः कॉलेजच्या त्या खोलीत बाजूला बसलो. तोंड उघडायचं नाही असं ठरवून.

त्या दिवशी रंजनाबरोबर सासूही आली. ही परीक्षा म्हणतात ती असते तरी काय, हे तिला बघायचं होतं. नातीला मांडीवर घेऊन ती खोलीच्या दाराबाहेर व्हरांड्यात बसली. दार उघडंच. भाऊ सवयीप्रमाणे झाडाखाली, फाटकाजवळच्या कडुलिंबाच्या.

मॅडमनी नाव विचारलं, गाव विचारलं, काम विचारलं. रंजना नीट उत्तरं देत होती. मग मॅडमनी अगदी सोपा म्हणून प्रश्न केला, व्हॉट इज युअर हजबंड्स नेम?

रंजनानं पदर सावरला.

मॅडमनी तोच प्रश्न पुन्हा, सावकाश, एकेक शब्द तोडून विचारला. त्यांना वाटलं, हिला एवढंही इंग्रजी कळत नाही. रंजनानं दाराकडे पाहिलं. प्रश्न सासूला कळला नसता, पण मुलाचं नाव कानावर पडलं असतं, आणि ते सुनेच्या तोंडून पडलं असतं. इतक्या मुश्किलीनं मिळालेला होकार, आणि हिनं सासूसमोर नवऱ्याचं नाव घ्यायचं? आणि नाही घेतलं तर गुण गेले. मॅडम कागदाकडे वळल्या. एक शब्द बोललो असतो तर मॅडमना कळलं असतं, पण तो शब्द माझा नव्हता.

"मॅडम," रंजना म्हणाली, "माय हजबंड इज द मॅन हू इज स्टँडिंग अंडर द ट्री व्हिच इज निअर द गेट."

मॅडमचं पेन थांबलं. त्यांनी खिडकीतून पाहिलं. कडुलिंबाखाली बरेच बाप्ये उभे होते. व्हिच मॅन, असं त्यांनी विचारलं.

"द मॅन हूज मदर इज सिटिंग आउटसाइड."

ज्याची आई बाहेर बसली आहे, तो. मॅडमनी दाराकडे पाहिलं, म्हातारीकडे पाहिलं, आणि त्यांच्या ध्यानात सगळं आलं. त्यांचंही गाव इकडचंच होतं. त्या हसल्या आणि पुढच्या प्रश्नाला लागणार, तेवढ्यात रंजना कोणी न विचारता, खिडकीबाहेर झाडाकडे बोट करून म्हणाली, "ही इज द मॅन हू कुक्स व्हेन आय रीड."

मी वाचते तेव्हा जो रांधतो, तो माणूस. हे वाक्य मी शिकवलेलं नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी भिंतीवरच्या नकाशाकडे बघत बसलो.

बाहेर आलो तर सासूनं मला गाठलं. भाऊही झाडाखालून आला होता, रंजना खाली मान घालून उभी होती.

"गुरुजी, माह्या पोराकडे बोट दाखोलं तिनं. का म्हनलं?"

मी म्हटलं, बाई, तिला नवरा कोण ते विचारलं, तिनं सांगितलं, झाडाखाली उभा आहे तो.

"नाव घेतलं का?"

नाही घेतलं, मी म्हटलं.

म्हातारीनं मान हलवली. पण तिचं समाधान झालं नव्हतं. "तुमी तं एवढुसंच सांगतलं. ते तं लंबं बोलली."

भाऊ माझ्याकडे बघत होता, आणि त्याच्या डोळ्यांत विनवणी होती. आयुष्यभर मी मुलांना सांगत आलो, वाक्यातला एकही जो गाळू नका, नाहीतर अर्थ हातचा जाईल. त्या दिवशी मी गाळला. म्हटलं, इंग्रजीत लांबच होतं बाई, मराठीत एवढंच.

म्हातारी नातीला दुसऱ्या खांद्यावर घेत म्हणाली, "रांधते तो, हे नाई सांगतलं काय तिनं?"

भाऊ चपलेनं माती उकरू लागला.

"आंगन एकच हाय आपलं," ती मुलाकडे न बघता म्हणाली. "हिच्या हातचा भात कधी करपला नाई. मले वास येत नसन का? म्हटलं, करून राह्यला तं करू दे. आपुन काऊन बोलाचं?" आणि मग सुनेला म्हणाली, "चल, गाडी येऊन जाईन."

भाऊ कानापर्यंत लाल झाला होता. रंजना रडत होती की हसत होती ते मला नीट दिसलं नाही, कारण तिनं पदर तोंडावर घेतला होता.

निकाल लागला तेव्हा ती पास होती. लेखीत काठावर, तोंडीनं पार. मॅडमनी गुण मोकळ्या हातानं दिले होते आणि त्यात मेहेरबानी नव्हती, त्या दिवशी इतकं नीट इंग्रजी दुसऱ्या कोणी बोललं नव्हतं. तिच्या आधी आणि नंतरही अशा बायका माझ्याकडे आल्या. हुशार होत्या. काही दोन-तीन रविवार येऊन थांबल्या. त्यांना आणणारं कोणी नव्हतं, आणि त्यांच्या घरी चुलीपुढं दुसरं कोणी बसणारही नव्हतं. इंग्रजी त्यांना अवघड गेलं असं मी म्हणणार नाही. हे माझ्या मनाला लागून राहिलं आहे, आणि त्यावर माझ्याकडे उपाय नव्हता.

मागच्या महिन्यात बीपी तपासायला मी नदीपलीकडच्या एका आरोग्य केंद्रात गेलो होतो. गर्दी होती. प्रसूतीच्या खोलीचं दार लावलेलं, बाहेर एक आशाताई अवघडून उभी. थोड्या वेळानं दार उघडलं आणि पांढऱ्या कपड्यातली रंजना बाहेर आली. तिनं आशाताईचा हात धरला आणि तिला आत घेऊन गेली. मी हे बघितलं आणि माझं बीपी बघायचं राहिलंच.

दुपारी तिनं मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. भाऊ डबा घेऊन आला होता. तो आता केसानं थोडा पांढरा झाला आहे, बोलणं अजून तेवढंच. वरण, वांग्याची भाजी, भात. भात मोकळा, पांढराशुभ्र, कुठं डाग नाही. मी मुद्दाम विचारलं, भाऊ, आज कोणी रांधलं?

तो डब्याचं झाकण पुसत होता. वर न बघता म्हणाला, "ज्याले आता जमते, त्यानं."